अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी ऑनलाइन अभ्यास: साहित्य, तास, गृहपाठ आणि चाचणी कशी तयार करावी

मराठी माध्यमाच्या बहुतेक शाळांत ऑनलाइन अभ्यास म्हणजे तीन गोष्टी. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेले वहीचे किंवा फळ्याचे फोटो, एखादी पीडीएफ आणि अधूनमधून गूगल मीटवरचा तास. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घाईघाईत बसवलेली ही घडी शाळा उघडल्यावरही टिकली. सुट्टीतला अभ्यास, पावसाने बुडालेला दिवस, दहावीचे जादा तास, खासगी शिकवणी, सगळीकडे तीच वापरतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट अडते. फोटोतला मजकूर फोनला वाचून दाखवता येत नाही, पीडीएफमधली अक्षरं दाटीवाटीने बसलेली असतात आणि मीटवर सर पुढे गेलेले असतात तेव्हा याची पहिली ओळ चाललेली असते.

दिलासा एवढाच की यातल्या बऱ्याच अडचणी साहित्यात आणि पद्धतीत आहेत. त्या शिक्षकाला हाताळता येतात, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. हा लेख शिक्षकांसाठी लिहिला आहे. पण दुसरी आणि पाचवी पायरी पालकांनी घरी करून पाहण्यासारखी आहे.

आधी नेमकं कोणाबद्दल बोलतोय ते

अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, कान-डोळे ठीक असतात, शिकवणारेही असतात. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एका किंवा अनेक कौशल्यांत मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करत असल्यामुळे ती मागे पडतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात डिसग्राफिया, आकडेमोडीत डिसकॅल्क्युलिया. लक्ष टिकण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, हा वेगळा प्रकार आहे, पण अनेक मुलांत तो सोबतीला असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार मोजले आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्यामुळे शाळेने केलेली सोय ही मेहरबानी ठरत नाही, तो मुलाचा हक्क आहे. मात्र अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थांबू नका. निदान सहसा तिसरी-चौथीनंतर होतं, अनेकांचं आठवी-नववीपर्यंत होतच नाही. खाली सांगितलेली एकही गोष्ट प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला अपाय करत नाही. चाळीसजणांच्या वर्गाला मोकळं, ऐकता येईल असं साहित्य दिलं तर त्याचा फायदा पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला होतो आणि घरात कन्नड, गोंडी किंवा भिल्ली बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलालाही होतो.

पायरी १: मुलाशी आणि घरच्यांशी एक फोन

साहित्य बनवण्याआधी दहा मिनिटं बोला. निदानाचे कागद मागू नका, घरची परिस्थिती विचारा. फोन कोणाचा आहे आणि तो घरी किती वाजता असतो? वडील कामावर फोन घेऊन जात असतील तर दुपारच्या थेट तासाला मुलगी बसूच शकत नाही, तिच्यासाठी रेकॉर्डिंग हाच तास. डेटा किती असतो? फोनवर बोललेलं मुलाला नीट समजतं का? मजकूर वाचून दाखवायला घरात कोणी आहे का?

मग मुलाशी बोला, आणि त्याला "तुला काय जमत नाही" असं विचारू नका. "गेल्या आठवड्यातल्या अभ्यासात कुठे अडलास?" असं विचारा. उत्तरं फार नेमकी येतात: "फोटो मोठा केला की ओळ हरवते", "चॅटमधलं वाचेपर्यंत वर जातं", "बाई नाव घेतील म्हणून मी आवाज बंद ठेवते". ही तीन उत्तरं मिळाली तरी कामाचा क्रम ठरतो. ती तुमच्या खासगी वहीत लिहून ठेवा. वर्गाच्या गटावर, यादीत किंवा फाइलच्या नावात "अध्ययन अक्षम विद्यार्थी" असा शिक्का कुठेही नको. गूगल क्लासरूममध्ये एखादं काम फक्त ठरावीक विद्यार्थ्यांना देता येतं, इतरांना ते दिसत नाही. ही सोय याच कामासाठी वापरा.

पायरी २: मजकूर खरा मजकूर आहे का, ते तपासा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. पुढची जवळजवळ प्रत्येक सोय हिच्यावर उभी आहे.

फोनला किंवा संगणकाला मजकूर वाचून दाखवायचा तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर यंत्राला ओळखता येईल अशा प्रमाण पद्धतीत, टाइप केलेला असावा लागतो. आपल्याकडे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिलं, फोटो: त्यात अक्षरं दिसतात पण यंत्राच्या दृष्टीने ते चित्र असतं. दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफ पडद्यावर सुंदर मराठी दाखवतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. वाचून दाखवणारं ॲप त्यावर निरर्थक आवाज काढतं आणि मुलाला वाटतं, आपलाच फोन बिघडला.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायच्या संदेशात चिकटवा. मराठी ओळ आली तर फाइल चांगली. चिन्हांचा गोंधळ आला किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल मुलाला ऐकता येणार नाही.

मग काय करायचं? छोटा मजकूर असेल तर गूगल लेन्सने फोटोतला मजकूर उचलता येतो. पानंच्या पानं असतील तर संगणकावर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, त्यातून मराठी मजकूर निघतो. छापील पान सरळ आणि उजेडात टिपलेलं असेल तर निकाल चांगला येतो. हस्ताक्षराचं मात्र भरवशाचं नाही. जोडाक्षरं आणि रफार चुकलेले असतात, म्हणून एकदा वाचून दुरुस्त करा. स्वतःच्या टिपणांसाठी याहून सोपा रस्ता आहे: जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी भाषा घ्या, माइकचं चिन्ह दाबा आणि टिपण बोला. फळ्यावर लिहून फोटो काढण्याइतक्याच वेळात टाइप केलेलं पान तयार होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच असेल, उदाहरणार्थ आकृती, तर खाली दोन-तीन ओळींत त्यात काय आहे ते टाइप करा किंवा अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश जोडा.

पायरी ३: देवनागरी पान मोकळं करा

इंग्रजीसाठी लिहिलेल्या सूचना देवनागरीला जशाच्या तशा लावू नका. डिस्लेक्सियासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, काना-मात्रा अक्षरापासून सुटतात आणि शब्द वाचणं आणखी कठीण होतं. आपण वाढवायचं ते शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर. ओळींचं अंतर दीडपट ठेवा, कारण वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार यांना जागा लागते. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी टाळा, मजकूर डावीकडे लावा. त्यामुळे शब्दांमधली अंतरं एकसारखी राहतात आणि ओळींच्या उजव्या कडा वेगवेगळ्या असल्याने ओळ हरवत नाही.

फाँट साधा आणि समान जाडीचा हवा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल, दोन्ही फुकट मिळतात. डिस्लेक्सियासाठी म्हणून जे खास फाँट प्रसिद्ध आहेत ते रोमन लिपीसाठी बनलेले आहेत आणि तिथेही त्यांचा ठोस फायदा संशोधनात दिसलेला नाही. त्यामागे वेळ घालवू नका. अक्षराचा आकार आणि मोकळी जागा यांनी जास्त काम होतं.

एक बारकावा मात्र आपल्याच लिपीचा आहे. पाठ्यपुस्तकातला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मुलांच्या ओळखीचा असतो. अनेक फोनवर आणि फाँटमध्ये हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसतात. अस्खलित वाचणाऱ्याला फरक जाणवतही नाही, पण घ-ध, भ-म, थ-य, प-ष यांच्यातच ज्याचा गोंधळ होतो त्याच्यासाठी ती दोन नवी अक्षरं ठरतात. जोडाक्षरांचंही तसंच: 'द्ध', 'द्य', 'क्त' पुस्तकात ज्या रूपात छापलेत त्याच रूपात दिसतील असा फाँट निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते. अशा ठिकाणी अडखळणाऱ्या मुलाला दर आठवड्याला अक्षरांचं नवं वळण दाखवणं अन्यायाचं आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पांढऱ्याशुभ्र पानाऐवजी फिकट पिवळसर पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं. महत्त्वाचे शब्द ठळक, तिरपे नकोत. एका स्लाइडवर एकच मुद्दा. परिच्छेद चार-पाच ओळींचे. एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळू नका, कारण देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचे आकार फार जवळचे आहेत.

पायरी ४: थेट तास

तासाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तीन ओळी पाठवा: उद्या काय शिकणार, कोणते पाच-सहा नवे शब्द येणार, पुस्तकाचं कोणतं पान. त्या शब्दांचा आवाजी संदेशही द्या. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आधी चार वेळा ऐकलेला मूल तो पडद्यावर दिसल्यावर ओळखतं. न ऐकलेलं मूल तो शब्द फोडत बसतं आणि पुढची दोन मिनिटं हुकतात.

तासात अचानक नाव घेऊन "पुढचा परिच्छेद वाच" म्हणू नका. वर्गासमोर अडखळायची भीती इतकी मोठी असते की अनेक मुलं त्यासाठीच नेट गेल्याचं सांगतात. कोणाला वाचायचं असेल तर त्याला आदल्या दिवशी परिच्छेद सांगा, सराव करू द्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मगच उत्तर घ्या. ऑनलाइन तासात शांतता अवघड वाटते, तरी ती ठेवा.

श्रुतलेखनासारखं बोलत जाऊन "लिहून घ्या" म्हणणं पूर्ण बंद करा. ऐकणं, शब्द फोडणं, लिहिणं आणि अर्थ समजणं ही चारही कामं एकाच वेळी डिसग्राफिया असलेल्या मुलाला जमत नाहीत. टिपण तुम्ही द्या, मुलाने त्यावर खुणा कराव्यात. चॅटमध्ये उत्तर लिहिणं सक्तीचं नको. बोलून, अंगठा दाखवून किंवा तासानंतर आवाजी संदेशाने उत्तर दिलं तरी ते उत्तरच आहे. कॅमेरा चालू ठेवायची सक्तीही नको. काही मुलांना हालचाल करत ऐकलं तर जास्त समजतं.

सूचना एकेक द्या. "पान ४२ उघडा, आकृती बघा, तिसरा प्रश्न सोडवा आणि फोटो पाठवा" हे चार सूचनांचं एक वाक्य आहे. पहिली सांगा, थांबा, मग दुसरी. चारही सूचना पडद्यावर लिहिलेल्या राहू द्या. दहा-पंधरा मिनिटं शिकवणं, मग दोन मिनिटं काहीतरी करणं, असा ताल ठेवा. पाऊण तास सलग ऐकणं कोणत्याच मुलाला जमत नाही, या मुलांना तर नाहीच.

रेकॉर्डिंगही तुकड्यांत करा. सात-आठ मिनिटांचे चार व्हिडिओ एका तासभराच्या फाइलपेक्षा उपयोगी, डेटाही वाचतो. यूट्यूबवर टाकत असाल तर वर्णनात शून्य मिनिटापासून सुरू करून वेळा आणि उपशीर्षकं लिहा, त्यामुळे व्हिडिओला भाग पडतात आणि मूल हवा तो भाग पुन्हा पाहू शकतं. वेग पाऊणपट कसा करायचा हे मुलाला एकदा दाखवून द्या.

पायरी ५: ऐकणं आणि बोलून लिहिणं शिकवा

ॲप सुचवलं म्हणजे मूल ते वापरेल असं नसतं. साधन वापरणं हाही धडा आहे, त्याला स्वतंत्र वेळ द्या, आणि तो अभ्यासाच्या मजकुरावर शिकवू नका. क्रिकेटच्या सामन्याची बातमी घ्या, आवडीची गोष्ट घ्या.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी शोधा, त्यात 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करा. काही फोनवर आधी प्ले स्टोअरमधून 'अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट' घ्यावं लागतं. मग टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठी आवाज उतरवून घ्या. वेग सुरुवातीला कमी ठेवा. आता पडद्यावरचं चिन्ह दाबून मजकुरावर टेकवलं की फोन तो वाचतो, व्हॉट्सॲपचा संदेशही वाचतो. संगणक असेल तर मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमधलं 'रीड अलाउड' वापरून पाहा. त्यात मराठीचे दोन आवाज आहेत आणि वाचला जाणारा शब्द रंगून दिसतो. डोळा शब्दावर आणि कान आवाजावर ठेवून वाचायची सवय लावा. नुसतं ऐकण्यापेक्षा यातून शब्दांची ओळख हळूहळू पक्की होते.

यंत्राचा आवाज कुठे फसतो तेही सांगा. गणिताची सूत्रं, रासायनिक सूत्रं, 'इ.स.' आणि 'उदा.'सारखी संक्षेपं, कविता आणि संस्कृत श्लोक यांत तो भलतंच वाचतो. तिथे तुमचा स्वतःचा आवाज द्या. कवितेला तर माणसाचाच आवाज हवा.

उलट दिशेने, बोलून लिहिण्यासाठी फोनवर जीबोर्डचा माइक आणि संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्सचं 'व्हॉइस टायपिंग' आहे. दोन्हींत मराठी चालते. आधी उत्तराचे तीन मुद्दे बोटांवर मोजून ठरवायचे, मग एक वाक्य बोलायचं, थांबायचं, ऐकून पाहायचं, मग पुढचं. हा क्रम न शिकवता माइक हातात दिला तर मुलं एका दमात बोलतात आणि समोर आलेला विरामचिन्हांविना लगदा पाहून घाबरतात. घरात टीव्ही चालू असेल तर ओळख चुकते, म्हणून साधे वायरचे इअरफोन चांगले. गावाकडच्या बोलीतले शब्द यंत्र बदलून टाकतं. तेव्हा चूक यंत्राची आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा.

पायरी ६: गृहपाठात नेमकं काय तपासताय?

प्रत्येक कामाआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या कामातून मला मुलाचं काय बघायचं आहे? मराठीच्या व्याकरणात शुद्धलेखनच बघायचं असेल, तर ते बघा आणि शिकवा. इतिहासात कारणं समजली का ते बघायचं असेल, तर ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापणं म्हणजे दुसऱ्याच विषयाची परीक्षा घेणं.

एक प्रश्न घेऊन पाहू. "महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी स्पष्ट करा." नेहमीच्या पद्धतीत मूल पाच-सहा ओळी लिहितं. आपल्याला खरं बघायचं आहे ते असं: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हतं, आणि म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले. थोडक्यात, कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष वागणूक यातली दरी मुलाला कळली का?

हे बघायला चार रस्ते आहेत. दीड मिनिटाचा आवाजी संदेश. तुम्ही दिलेली चार वाक्यं घटनाक्रमाने लावून खाली एक वाक्य स्वतःचं. वेळरेषेचं चित्र काढून त्यावर बोलणं. किंवा नेहमीसारखं लिहिणं. चारही रस्ते सगळ्या वर्गाला खुले ठेवा आणि गुणांचा तक्ता एकच ठेवा: ठराव, अडवणूक, सत्याग्रह, आणि त्यांचा परस्परसंबंध. तक्ता आधीच मुलांना द्या. आवाजी उत्तर निवडणारा मुलगा सोप्या वाटेने गेला असं मानू नका. संबंध जोडून बोलणं पाठ केलेल्या सहा ओळी उतरवण्यापेक्षा अवघड आहे.

पण वाचन-लेखनाचा सराव सोडून द्यायचा नाही. सोय मिळाली म्हणून मुलाला वाचायला शिकवणंच थांबवलं, तर त्याचं मोठं नुकसान होतं. रोज पंधरा मिनिटं, आवाज आणि अक्षर जोडण्याचा नेमका सराव स्वतंत्रपणे चालू राहावा, शक्य असेल तर विशेष शिक्षकाच्या मदतीने. फक्त तो विज्ञानाच्या तासात घुसडू नका.

पायरी ७: गणित

ऑनलाइन गणितात मराठीचीच एक मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. आपण 'सदुसष्ट' म्हणतो तेव्हा सात आधी आणि साठ नंतर ऐकू येतात, लिहिताना मात्र सहा आधी. डिसकॅल्क्युलिया असलेलं मूल फोनवर 'सदुसष्ट' ऐकून ७६ लिहितं आणि पुढचं सगळं उदाहरण चुकतं, रीत बरोबर असूनही. 'एकोणसाठ' तर ऐकायला साठाच्या घरातला आणि लिहायला पन्नासच्या. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरं आणि उलट क्रम यांची हीच अडचण सांगितली होती. वादात कोणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण ऑनलाइन तासात नियम एकच: कोणतीही संख्या नुसती बोलायची नाही. बोला, लिहून दाखवा, आणि गरज असेल तिथे 'साठ आणि सात' असंही म्हणा.

पडद्यावर एका वेळी एक उदाहरण. सोडवलेल्या पायऱ्या पुसू नका, वर सरकून दिसेनाशा होऊ देऊ नका. एककाखाली एकक यावा म्हणून चौकटीची वही वापरायला सांगा. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. लसावि काढायची रीत शिकवताना पाढे पाठ आहेत का, हा प्रश्न नसतो. शाब्दिक उदाहरण आधी आवाजात द्या, मग मजकुरात. बऱ्याचदा अडचण गणिताची नसून वाचनाची निघते.

पायरी ८: चाचणी

गूगल फॉर्मवर चाचणी घेत असाल तर एकशब्दी उत्तरांची आपोआप तपासणी बंद ठेवा. तुम्ही 'ऊर्जा' हे उत्तर भरलं आणि मुलाने 'उर्जा' लिहिलं, तर फॉर्म शून्य देतो, आणि मुलाला तो शून्य लगेच दिसतो. त्याऐवजी पर्याय द्या किंवा उत्तरं स्वतः वाचून गुण द्या. प्रत्येक प्रश्न वेगळ्या विभागात ठेवला तर एका पडद्यावर एकच प्रश्न दिसतो. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?" असे दुहेरी नकाराचे प्रश्न काढून टाका. ते भाषेचा फास आहेत, विषय तपासत नाहीत.

वेळेबाबत केंद्र सरकारच्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांचा आधार घ्या: दर तासामागे किमान २० मिनिटं वाढीव. म्हणजे पाऊण तासाच्या चाचणीला १५ मिनिटं जास्त. शाळा किंवा महाविद्यालय ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी मूडल ही प्रणाली वापरत असेल तर एका विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवण्याची सोय त्यात आहे. गूगल फॉर्ममध्ये घड्याळ नसतं, ते बाहेरून जोडूच नका. दिवसभर फॉर्म उघडा ठेवणं उत्तम, फोन वडिलांसोबत घरी येईपर्यंत मुलीला थांबता येतं.

पायरी ९: कागदपत्रं वेळेत

वर्गात वाढीव वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारी व्यक्ती) किंवा ऐकून वाचण्याची सोय दिली असेल तर तारखेसह नोंद ठेवा: कोणती सोय, कोणत्या विषयात, काय फरक पडला. निदानाला नेताना ही नोंद आणि मुलाच्या वह्या डॉक्टरांना आणि मानसतज्ज्ञांना फार उपयोगी पडतात. लहान वर्गांतल्या मुलांची मराठीतून तपासणी व्हावी असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं 'डाली' हे तपासणी साधन हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत मराठीतही आहे. केवळ इंग्रजी वाचायला लावून मराठी माध्यमाच्या मुलाबद्दल निष्कर्ष काढणं बरोबर नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची व्यवस्था आहे, तुमच्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. तारीख मिळायला आणि चाचण्या पूर्ण व्हायला महिने जाऊ शकतात.

दहावी-बारावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववी संपायच्या आत हे काम हाती घ्या. अक्षमतेचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी ठरलं म्हणून कोणी लेखनिक नाकारत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ मधला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल दाखवा. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं आहे. मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जासोबत निकालाची प्रत आणि वर्गातल्या सोयींची तुमची नोंद जोडा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.